निघण्याआधीच आवरा: चार्जर, सिम आणि भाड्याची गाडी

व्हिसा आला, तिकीट झाले, चिवड्याचे डबे बांधून झाले, की परदेशाची तयारी संपली असे आपण धरून चालतो. मग हॉटेलच्या खोलीत चार्जरची पिन भिंतीत बसत नाही, बँकेचा ओटीपी येत नाही आणि गाडी भाड्याने देणाऱ्या काउंटरवरून डेबिट कार्ड परत केले जाते. यातली एकही अडचण मोठी नाही. पुण्यात किंवा नागपुरात ती शंभर-दोनशे रुपयांत, नाहीतर आरटीओच्या एका फेरीत सुटते. तिकडे गेल्यावर मात्र तीच सोडवायला युरो किंवा डॉलर मोजावे लागतात आणि सहलीतला एक दिवस हकनाक जातो. त्यामुळे हा लेख विमानतळावर बसून वाचू नका, निघण्याच्या महिनाभर आधी वाचा.

आधी व्होल्ट, मग पिन

आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची असते. युरोप, ब्रिटन, दुबई, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या ठिकाणी दाब जवळपास तोच आहे, फक्त पिनांचा आकार वेगळा. अमेरिका आणि कॅनडात तो १२० व्होल्ट आहे, तर जपानात १०० व्होल्ट. म्हणून दुकानात जाऊन अॅडॉप्टर मागण्याआधी प्रत्येक उपकरणाच्या पाठीमागची बारीक अक्षरे वाचा. इनपुटच्या पुढे १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे छापलेले असेल, तर ते उपकरण जगात कुठेही चालते. त्याला फक्त पिन बदलून हवी. फोन, लॅपटॉप आणि कॅमेऱ्याचे आजचे जवळजवळ सगळे चार्जर असेच असतात.

खरा घोळ होतो तो तापणाऱ्या आणि फिरणाऱ्या वस्तूंचा. इस्त्री, विजेची किटली, हेअर ड्रायर आणि मिक्सर यांवर बहुधा नुसते २३० व्होल्ट लिहिलेले असते. अशी किटली अमेरिकेत लावली तर जळणार नाही, पण तिची ताकद जेमतेम पाव उरते आणि चहाचे पाणी तापता तापत नाही. उलटा प्रकार मात्र धोक्याचा. अमेरिकेत घेतलेला १२० व्होल्टचा हेअर ड्रायर किंवा कुकर भारतात थेट प्लगला लावला, तर तो क्षणात जळतो. अॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्ट बदलत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. व्होल्ट बदलणारा ट्रान्सफॉर्मर जड असतो आणि किटली-इस्त्रीला पुरेल एवढ्या ताकदीचा तर सामानात नेण्यासारखा नसतोच. मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत मिक्सर न्यायचाच असेल, तर ११० व्होल्टवर चालणारे मिक्सर आपल्याकडच्या कंपन्या बनवतात, तोच घ्या.

पिनांचा हिशेब सोपा आहे. ब्रिटन, आयर्लंड, दुबई, सिंगापूर, मलेशिया आणि हाँगकाँग येथे तीन जाड चौकोनी पिना लागतात. अमेरिका, कॅनडा आणि जपानात दोन चपट्या पिना, तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये तिरक्या चपट्या. युरोपच्या मुख्य भूमीवर दोन गोल पिना चालतात. आपल्या फोनच्या चार्जरच्या दोन गोल पिना तिथे बहुतेक ठिकाणी बसतात, पण लॅपटॉपचा आपला तीन पिनांचा प्लग बसत नाही. स्वित्झर्लंडचे सॉकेट आणखी निराळे. तिथे सडपातळ दोन पिना बसतात, जर्मनी-फ्रान्समधला जाड गोल प्लग बसत नाही. युरोपसाठी म्हणून घेतलेला जाड अॅडॉप्टर झुरिकमध्ये हातात राहतो तो यामुळेच. इटलीतही तीन पिना एका ओळीत असतात, पण दोन सडपातळ पिना तिथल्या सॉकेटलाही चालतात.

चौघांचे कुटुंब असेल तर चार अॅडॉप्टर घेऊ नका. एक चांगला अॅडॉप्टर आणि त्याला जोडायला दोन-तीन यूएसबी खाचांचा एक चार्जर घ्या. रात्री सगळ्यांचे फोन त्यावर चार्ज होतात. घरचा एक्स्टेन्शन बोर्ड नेला तरी चालेल, फक्त त्यावर चार्जरच लावा, किटली नको. क्रूझवर जाणार असाल तर बोर्ड घरीच ठेवा, कारण बऱ्याच जहाजांवर तो चढतानाच काढून घेतात. न्हाणीघरातल्या आरशाजवळचे दोन पिनांचे सॉकेट दाढीच्या यंत्रापुरते असते, तिथे लॅपटॉप लावू नका. झोपेत श्वासासाठी लागणारे सीपॅप यंत्र कोणी वापरत असेल, तर त्याचे व्होल्ट आधी तपासा, डॉक्टरांची चिठ्ठी जोडा आणि ते केबिन बॅगेतच न्या.

पॉवर बँक: हातातच, आणि आकडा वाचून

पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकायची नाही, हा नियम जगभर एकच आहे. सुटी बॅटरीही हाताशीच हवी. सामानाच्या पोटात बॅटरीने पेट घेतला तर कोणाला कळत नाही, केबिनमध्ये मात्र लगेच विझवता येते, हे त्यामागचे कारण. चेक-इन बॅगेत ती सापडली तर बॅग बाजूला काढली जाते आणि उघडायला तुम्हाला बोलावले जाते, तेही विमान सुटायच्या घाईत.

दुसरा प्रश्न क्षमतेचा. विमान कंपन्या वॉट-तास मोजतात, आपण मात्र पॉवर बँक घेतो ती मिलिअँपिअर-तास पाहून. हिशेब असा: मिलिअँपिअर-तासांना ३.७ ने गुणा आणि हजाराने भागा. १०,००० ची पॉवर बँक ३७ वॉट-तासांची होते, २०,००० ची ७४ ची. १०० वॉट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी हवी, आणि त्यापुढे प्रवाशाला नेताच येत नाही. म्हणजे २०,००० ची एक पॉवर बँक पुरेशी आणि बिनघोर. तिच्यावरचा छाप पुसला गेला असेल तर मात्र ती नेऊ नका. आकडा वाचता आला नाही तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेतली जाऊ शकते.

२०२५ च्या जानेवारीत दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उभ्या विमानाला आग लागली आणि संशयाची सुई पॉवर बँकेकडे वळली. त्यानंतर नियम झपाट्याने कडक झाले. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरणेच बंद केले. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवाशाला १०० वॉट-तासांखालची एकच पॉवर बँक ठेवली आणि तीही उड्डाणात वापरायची नाही, डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायची नाही, असे ठरवले. चीनमधल्या अंतर्गत विमानांत २८ जून २०२५ पासून चीनची तीन ‘सी’ची प्रमाणखूण नसलेली पॉवर बँक चालत नाही, आणि आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या पॉवर बँकांवर ती खूण सहसा नसते. बीजिंगहून शांघायला विमानाने जाणार असाल तर हे लक्षात असू द्या. मधल्या विमानतळावर विमान बदलणार असाल, तर दोन्ही कंपन्यांचे नियम पाहा. आणि घरून निघताना फोन पूर्ण चार्ज करा, म्हणजे आकाशात पॉवर बँकेची गरजच पडत नाही.

फोन: एक सिम ओटीपीसाठी, एक इंटरनेटसाठी

परदेशात फोनची दोन कामे असतात आणि ती दोन सिमांत वाटून दिली की निम्मी कटकट संपते. भारतीय सिम चालू ठेवायचे ते बँकेचे संदेश यावेत म्हणून. नकाशे, व्हॉट्सअॅप आणि गाडीचे बुकिंग यांसाठी लागणारे इंटरनेट तिथल्या सिमवर किंवा ई-सिमवर घ्यायचे. भारतीय क्रमांकावर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधीच सुरू करून घ्या आणि प्रीपेड असेल तर परत येईपर्यंत पुरेल असे रिचार्ज मारा. मग सेटिंगमध्ये जाऊन त्या सिमचे डेटा रोमिंग बंद ठेवा. हे एक बटण विसरले की फोन पार्श्वभूमीला फोटो चढवत राहतो आणि बिल महिनाअखेरीस कळते. आठ-दहा दिवसांचीच सहल असेल आणि दोन सिमांचा खटाटोप नको असेल, तर आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक घेणे सोपे. थोडा महाग पडतो, पण डोक्याला ताप नाही.

ई-सिम घ्यायचे तर आधी फोन त्याला साजेसा आहे का ते पाहा आणि घरच्या वायफायवर ते बसवून घ्या. परदेशात उतरल्यावर ते नुसते चालू करायचे. मात्र ज्या भारतीय क्रमांकावर ओटीपी येतात, तो प्रवासाच्या तोंडावर ई-सिममध्ये बदलू नका. फोन पडला किंवा बिघडला, तर प्लास्टिकचे सिम काढून दुसऱ्या हँडसेटमध्ये घालता येते. ई-सिम परदेशातून पुन्हा मिळवणे जिकिरीचे असते. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आयफोन मागवणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२२ मधल्या चौदाव्या मालिकेपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमची खाचच नाही. त्यात आपले सिम बसणार नाही, ई-सिमच घ्यावे लागेल.

नवे सिम घातल्यावर व्हॉट्सअॅप क्रमांक बदलायचा का, असे विचारू शकते. नाही म्हणा; जुन्याच क्रमांकावर ते चालत राहते. बँकेची आणि यूपीआयची अॅप मात्र फोनमधले सिम ओळखून चालतात. भारतीय सिम काढून पाकिटात ठेवले तर ती अडून बसू शकतात. दोन सिमांचा फोन असेल तर दोन्ही आत राहू द्या.

मुलांकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या आई-बाबांचा प्रश्न निराळा आहे. त्यांचा बटणांचा साधा फोन अमेरिकेत मुका होतो. तो ज्या ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांवर चालतो, त्यांवर तिथे ही जुनी सेवा नाही. तिथल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी सुद्धा गुंडाळले. सिंगापूरने २जी २०१७ मध्येच बंद केले आणि ऑस्ट्रेलियात २०२४ च्या अखेरीस ३जी संपले. अशा ठिकाणी ४जी वरून बोलता येणारा, म्हणजे व्होल्टी असलेला फोन हवा. पेन्शन आणि ठेवींचे व्यवहार ज्या क्रमांकाला जोडलेले आहेत तो क्रमांक अशाच फोनमध्ये घालून द्या. जाण्याच्या आठवड्यात नवा फोन हातात देऊ नका. महिनाभर आधी द्या, म्हणजे ओटीपी कुठे वाचायचा याची सवय त्यांना इथेच होईल.

देशोदेशीच्या खोडीही माहीत हव्यात. दुबई-अबुधाबीत व्हॉट्सअॅपवर संदेश जातात, पण बोलणे होत नाही. चीनमध्ये तिथल्या सिमवर आणि हॉटेलच्या वायफायवर गूगल, जीमेल, यूट्यूब आणि व्हॉट्सअॅप बंद असतात; भारतीय सिमच्या रोमिंगवर ती साधारणपणे चालतात, कारण ती वाहतूक भारतातून फिरून येते. चीनला जाणाऱ्यांनी म्हणूनच रोमिंग पॅक घ्यावा. समुद्रात क्रूझवर फोन विमान मोडवर टाका. किनारा दूर गेला की तो जहाजावरच्या उपग्रह सेवेला जाऊन चिकटतो आणि ती सेवा साध्या रोमिंग पॅकमध्ये धरलेली नसते.

मदतीचे क्रमांक फोनमध्येही ठेवा आणि कागदावरही: युरोपात ११२, अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात तीन शून्ये, न्यूझीलंडमध्ये १११, जपानात पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९. पासपोर्ट, व्हिसा, विमा आणि परवाना यांच्या छायाप्रती कागदावर घ्या. फोन हरवला तर त्यातल्या प्रतीही त्याच्याबरोबर हरवतात.

कार्ड उघडा, बिल तिथल्याच चलनात द्या

रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० पासून नवी कार्डे फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू असतात. परदेशातला वापर बँकेच्या अॅपमध्ये जाऊन आपणच सुरू करायचा आणि मर्यादाही आपणच ठरवायची. हे घरी करा. तिकडे काउंटरवर उभे राहून अॅप उघडताना ओटीपी येईलच असे नाही. दोन वेगळ्या बँकांची कार्डे न्या आणि ती एकाच पाकिटात ठेवू नका.

यंत्रावर रुपयांत देणार की स्थानिक चलनात, असे विचारले की नेहमी स्थानिक चलन निवडा. रुपयांचा पर्याय ओळखीचा वाटतो, पण त्यात दुकानाच्या बाजूने लावलेला महाग दर असतो. यूपीआय सिंगापूर, अमिराती, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस येथे काही ठिकाणी चालते आणि २०२४ पासून पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या तिकिटालाही. त्यासाठी अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय यूपीआय आधी चालू करावे लागते. सगळा प्रवास मात्र त्याच्या भरवशावर ठेवू नका.

परतताना कस्टम्सची कटकट नको म्हणून

महागडा कॅमेरा, लेन्स किंवा दुसरा लॅपटॉप भारतातून नेणार असाल, तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. त्यावर वस्तूचा क्रमांक नोंदतात आणि परत येताना ही वस्तू आपलीच होती हे सिद्ध करायला दुसरा पुरावा लागत नाही. त्यासाठी वेळ हाताशी ठेवा. खरेदीच्या पावत्याही जवळ असू द्या. परतताना अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो. फोन आणि बाकीच्या वस्तू मात्र एकूण सवलतीच्या रकमेत मोजल्या जातात. ही रक्कम बदलत असते, म्हणून खरेदीला निघण्याआधी कस्टम्सच्या संकेतस्थळावर पाहा.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना एक सावधगिरीचा शब्द. उपग्रहावरून थेट संदेश पाठवणारी उपकरणे आणि सॅटेलाइट फोन अमेरिकेत दुकानात सहज मिळतात, पण भारतात ते परवान्याशिवाय बाळगणे गुन्हा आहे. विमानतळांवर अशा प्रवाशांवर गुन्हे दाखल झाले आहेत. ड्रोनचेही तसेच. मोरोक्को आणि इजिप्तमध्ये पर्यटकाचा ड्रोन विमानतळावरच अडतो.

गाडी घ्यावी का?

लंडन, पॅरिस, टोकियो, सिंगापूर या शहरांत गाडी म्हणजे डोकेदुखी; पार्किंगच परवडत नाही. न्यूझीलंडचे दक्षिण बेट, आइसलँड, स्कॉटलंडचा डोंगराळ भाग, अमेरिकेतली राष्ट्रीय उद्याने येथे मात्र गाडीशिवाय निम्मे बघायचे राहून जाते. शहर रेल्वेने आणि गाव गाडीने, असा ढोबळ नियम धरा. पहिल्यांदाच परदेशात चालवणार असाल, तर डावीकडून वाहतूक असलेला देश निवडा: ब्रिटन, आयर्लंड, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, जपान, दक्षिण आफ्रिका, मॉरिशस. बर्फाच्या दिवसांत मात्र मोह टाळा. पुण्या-मुंबईत गाडी चालवून बर्फावरचा ब्रेक कळत नाही.

भारतातला मूळ परवाना हवाच. डिजिलॉकरमधली प्रत आपल्याकडे पोलीस मान्य करतात, म्हणून कार्ड घरी राहून जाते; परदेशात ती प्रत कोणी विचारात घेत नाही. त्याच्या जोडीला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. तो आपल्या आरटीओतच मिळतो. परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावर अर्ज करायचा, पासपोर्ट, व्हिसा आणि परवाना जोडायचा. शुल्क १,००० रुपये आणि मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार तो दिला जातो. जपान नेमका याच करारावरचा परवाना मानतो, म्हणून आपला परवाना तिथे चालतो. चीन मात्र तो मानत नाही. इंटरनेटवर झटपट आंतरराष्ट्रीय परवाना देणारी दुकाने आहेत, त्यांच्या नादी लागू नका. अपघात झाला तर त्या कागदाला किंमत नसते आणि विमा कंपनीला पैसे नाकारायला आयते कारण मिळते.

फुकेत किंवा बालीत स्कूटर घेणाऱ्यांनी परवान्यावरचे वर्ग पाहावेत. नुसते एलएमव्ही (हलकी मोटार) असेल आणि एमसीडब्ल्यूजी (गिअरची मोटारसायकल) नसेल, तर तुम्ही मोटारसायकल विनापरवाना चालवत आहात. पडल्यावर प्रवास विमाही हात वर करतो.

बुकिंग आणि विमा

पासपोर्ट, परवाना आणि क्रेडिट कार्ड या तिन्हींवर नाव एकसारखे आहे का, ते आधी पाहा. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मध्ये असते, कार्डावर नुसते आद्याक्षर, आणि लग्नानंतर बदललेले आडनाव एका कागदावर आलेले, दुसऱ्यावर नाही. बुकिंग पासपोर्टवरच्या नावानेच करा आणि कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचे असू द्या. नवऱ्याचे कार्ड आणि बायकोचा परवाना असे बऱ्याच ठिकाणी चालत नाही. डेबिट कार्डही सहसा नाकारतात. अनामत रक्कम कार्डावर अडकवली जाते आणि ती सुटायला दिवस लागतात, म्हणून मर्यादा मोकळी ठेवा. चालक पंचविशीच्या आतला असेल तर जादा आकार लागतो. काही देशांत वरच्या वयाचीही अट असते, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्यांनी आधी विचारून घ्यावे.

स्वयंचलित गिअरची गाडी हवी असे बुकिंग करतानाच सांगा. युरोपात न सांगितल्यास बहुधा हाताने गिअर बदलायची गाडी पुढे येते, आणि उजवीकडून चालणाऱ्या रस्त्यावर उजव्या हाताने गिअर टाकायची सवय पहिल्या दिवशी होत नाही. मुले असतील तर बाल-आसन बुकिंगमध्येच मागवा. जर्मनीत बारा वर्षांखालच्या आणि दीड मीटरपेक्षा बुटक्या मुलाला त्याशिवाय बसवता येत नाही. गाडी दुसऱ्या देशात न्यायची असेल तर तशी लेखी परवानगी घ्या.

विम्याच्या कागदात तीन गोष्टी शोधा. नुकसान झाल्यास पहिली किती रक्कम तुमच्या खिशातून जाणार, टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग धरला आहे का, आणि समोरच्याच्या नुकसानीची भरपाई पुरेशी आहे का. अमेरिकेत हा तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, कारण तिथला दवाखान्याचा खर्च माणसाला बुडवू शकतो. आइसलँडमध्ये खडी, वाळू आणि राख यांचा विमा वेगळा असतो आणि वाऱ्याने उलटे उघडलेले दार सहसा कशातच बसत नाही. तिथे दार उघडताना ते हाताने घट्ट धरावे लागते.

गाडी ताब्यात घेताना

रात्रभराच्या विमानातून उतरून थेट स्टिअरिंगवर बसू नका. एक रात्र झोपा आणि सकाळी गाडी घ्या. किल्ली हातात आल्यावर गाडीभोवती फिरून सलग व्हिडिओ काढा: चारही चाके, काच, बंपर, छत, आतली आसने, किलोमीटरचा आणि इंधनाचा काटा. प्रत्येक ओरखडा त्यांच्या कागदावर लिहून घ्या. स्टेपनी आहे की नुसती पंक्चर बुजवायची बाटली, हेही पाहा. मग पार्किंगमध्येच पंधरा मिनिटे बसून दिवे, वायपर, हँडब्रेक समजून घ्या. आपल्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला असतो, अनेक देशांत तो डावीकडे असतो; पहिली काही वळणे वायपरच फिरणार, त्याने गडबडू नका.

नकाशा आधीच उतरवून ठेवा, कारण डोंगरात रेंज जाते. जपानात गाडीतल्या नकाशाला हॉटेलचा फोन क्रमांक दिला की तो पत्ता शोधतो. तो क्रमांक जवळ ठेवा. गाडीतला बारा व्होल्टचा चार्जर जगभर एकच आहे, घरचाच न्या. फ्रान्स, जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये वेग-कॅमेऱ्याची सूचना देणारे अॅप गाडी चालवताना वापरणे बेकायदा आहे, ती सूचना बंद करा.

रस्त्यावरचे नियम

गोल चौकात आत असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचे, हा नियम तिथे खरोखर पाळतात. फ्रान्स आणि जर्मनीत खूण नसलेल्या नाक्यावर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. अमेरिकेत चारही बाजूंना थांबण्याची पाटी असेल तर सगळे पूर्ण थांबतात आणि जो आधी आला तो आधी जातो. लाल दिव्यावर थांबून मग उजवीकडे वळता येते, पण न्यूयॉर्क शहरात नाही. पिवळी शाळेची बस दिवे लावून थांबली की मागच्याने थांबायचेच, आणि मधे दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यानेही. पोलिसाने थांबवले तर आपल्या सवयीप्रमाणे खाली उतरून त्याच्याकडे जाऊ नका. गाडीत बसून राहा आणि हात स्टिअरिंगवर ठेवा.

न्यूझीलंडमध्ये एकेरी पूल खूप आहेत. पाटीवरचा लहान लाल बाण तुमच्या दिशेचा असेल तर समोरच्याला आधी येऊ द्या. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये वेग मैलांत असतो. ७० मैल म्हणजे ११२ किलोमीटर.

इटलीत फ्लॉरेन्स, रोम, मिलान यांसारख्या शहरांच्या जुन्या भागात मर्यादित वाहतुकीचे पट्टे आहेत. तिथे फाटक नसते, कॅमेरा असतो. चुकून आत गेलात तर दंड काही महिन्यांनी घरी येतो आणि तुमचे नाव कळवल्याबद्दल गाडीवाली कंपनी स्वतःचा आकार आधीच कापते. हॉटेल त्या पट्ट्यात असेल तर गाडीचा क्रमांक नोंदवायला त्यांना सांगा, नाहीतर गाडी बाहेर लावा. स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी ४० फ्रँकचा वार्षिक पास लागतो. तिथेच घेतलेल्या गाडीला तो असतो, जर्मनी किंवा इटलीत घेतलेल्या गाडीला स्वतः घ्यावा लागतो. ऑस्ट्रियाचा पास वेगळा आणि तो थोड्या दिवसांचाही मिळतो. अमेरिकेत अनेक टोलनाक्यांवर रोख घेतच नाहीत. कंपनीच्या टोल-यंत्राचे भाडे दिवसाला किती, ते काउंटरवर विचारा.

पेट्रोल पंपावर नळीचा रंग पाहून भरू नका. ब्रिटनमध्ये हिरवी नळी पेट्रोलची, अमेरिकेत ती सहसा डिझेलची. झाकणाच्या आत लिहिलेले वाचूनच भरा. अमेरिकी पंप कार्डासाठी तिथला पिनकोड मागतो आणि आपले कार्ड अडते. आत जाऊन पंपाचा क्रमांक सांगा आणि आगाऊ पैसे द्या. गाडी उभी करताना आसनावर बॅग, फोनची वायर, काहीही दिसेल असे ठेवू नका. सॅन फ्रान्सिस्कोत काच फोडायला तेवढे कारण पुरते.

धक्का लागला तर लहान असला तरी फोटो काढा, कंपनीला कळवा आणि पोलीस अहवालाचा क्रमांक घ्या. तो नसेल तर विमा बहुधा मिळत नाही. परत करताना टाकी भरून तिची पावती ठेवा, पुन्हा व्हिडिओ काढा आणि शक्यतो कार्यालय उघडे असताना कर्मचाऱ्याकडून तपासून घ्या. जाता जाता गाडीच्या ब्लूटूथ यादीतून आपला फोन काढून टाका, नाहीतर तुमची संपर्क यादी पुढच्या भाडेकरूला मिळते.

या सगळ्यात खर्च आहे तो अॅडॉप्टर, रोमिंग पॅक आणि आंतरराष्ट्रीय परवाना यांचा. बाकीचे आहे ते बारीक अक्षरे वाचण्याचे आणि दोन-चार बटणे दाबण्याचे. पुढच्या रविवारी घरातले सगळे चार्जर टेबलावर मांडा, पॉवर बँकेवरचा आकडा पाहा, कार्डाचा परदेशी वापर उघडा आणि परवान्याची मुदत तपासा. परवाना संपत आला असेल तर सोमवारी आधी आरटीओ गाठा, चिवड्याचे नंतर बघता येईल.